बुधवारची सनद

मार्केट ड्रेटनला जायचंच असेल तर बुधवारी जावं. बाकीचे सहा दिवस ते इंग्लंडातल्या शेकडो लहान गावांसारखंच एक गाव असतं: नदीवरच्या टेकाडावर जुनं चर्च, काळ्यापांढऱ्या लाकडी घरांची एखादी रांग, चारदोन पब, धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकानं. बुधवारी सकाळी मात्र भर रस्त्यात पालं ठोकली जातात आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं पिशव्या घेऊन उतरतात. विकायला येणारा माल शतकागणिक बदलला, वार बदलला नाही. १२४५ साली राजा तिसरा हेन्री याने या गावाच्या बाजाराला सनद दिली, तिच्यात बुधवार नेमून दिलेला होता, म्हणून आजही बुधवार.

गाव श्रॉपशायर काउंटीच्या ईशान्य कोपऱ्यात, टर्न नावाच्या लहानशा नदीकाठी आहे. काउंटीचं मुख्य ठिकाण श्रूझबरी तिथून तीसेक किलोमीटरवर. लोकवस्ती १२ हजारांच्या आसपास. चेशायर आणि स्टॅफर्डशायर या शेजारच्या दोन काउंट्यांच्या हद्दी अगदी जवळ आहेत, आणि गावातल्या जुन्या रस्त्यांची नावं चेशायर स्ट्रीट, स्टॅफर्ड स्ट्रीट, श्रॉपशायर स्ट्रीट अशीच आहेत. तीन मुलखांच्या वाटा जिथे मिळतात तिथे बाजार भरणार, हे सांगायला राजा लागत नाही. राजा लागतो तो पुढच्या गोष्टीसाठी.

त्या काळच्या इंग्लंडात बाजार भरवणं हा हक्क होता, आणि तो हक्क राजाकडून मिळवावा लागे. ड्रेटनसाठी तो मिळवला कॉम्बरमिअरच्या मठाधिपतीने. हा मठ चेशायरमधला, सिस्टर्शियन पंथाचा; ड्रेटनची जमीन मठाच्या मालकीची. जगापासून लांब राहण्याचं व्रत घेतलेल्या साधूंना बाजाराचं काय पडलं होतं, असं वाटेल. पण मठ चालवायला पैसा लागतो, आणि शेताच्या खंडापेक्षा पेठेचं उत्पन्न केव्हाही जास्त. पाल लावणाऱ्याकडून जागेचं भाडं, येणाऱ्या मालावर जकात, वजनामापात खोट सापडली तर दंड. बाजारात तंटा झालाच, तर त्याचा निवाडा करणारं न्यायालयही बाजाराच्या मालकाचंच असे. व्यापारी आज इथे तर उद्या तिसऱ्याच गावी. म्हणून त्याचा खटला त्याच दिवशी, तिथल्या तिथे निकाली काढायची पद्धत होती. (आपल्याकडे कोर्टाच्या तारखांना खेटे घालणाऱ्यांनी हे वाक्य मनाला लावून घेऊ नये.)

सनद मिळालेल्या अशा गावांत रस्त्याकडेच्या जमिनीचे पट्टे पाडून भाड्याने दिले जात. पट्ट्याचं तोंड अरुंद आणि पाठ लांबच लांब, कारण बाजाराच्या रस्त्याला लागून हातभर तरी जागा प्रत्येकालाच हवी. पुढे दुकान, त्यामागे घर, त्यामागे परडं, गोठा, कामाची शेड. इंग्लंडातल्या जुन्या गावांत आज एखाद्या चिंचोळ्या दुकानात शिरून मागच्या दारापर्यंत चालत गेलं की दुकान संपतच नाही असं वाटतं, त्याचं कारण हे.

दोन बाजारांत अंतर किती असावं याचाही हिशेब ठरलेला होता. तेराव्या शतकातले न्यायाधीश हेन्री द ब्रॅक्टन यांच्या नावावर असलेल्या कायद्याच्या ग्रंथात तो दिला आहे. माणूस दिवसाला २० मैल चालतो, असं धरायचं. त्या दिवसाचे तीन भाग करायचे: एका भागात बाजाराला पोहोचायचं, दुसऱ्यात देणंघेणं उरकायचं, तिसऱ्यात अंधार पडायच्या आत घर गाठायचं. म्हणजे जायची मजल सहा मैल आणि वर दोनतृतीयांश, आपल्या हिशेबाने पावणेअकरा किलोमीटर. या टप्प्याच्या आत कोणी नवा बाजार काढला आणि जुन्याला झळ पोहोचली, तर जुन्याचा मालक दावा लावू शके.

ड्रेटनच्या भोवतालचा नकाशा उघडून पाहावा. व्हिटचर्च, नॅन्टविच, न्यूकासल-अंडर-लाइम ही तिन्ही जुनी बाजाराची गावं, आणि तिन्ही ड्रेटनपासून साधारण १३ मैलांवर. ब्रॅक्टनच्या आकड्याची दुप्पट केली तर १३ आणि वर एकतृतीयांशच येतात. कोणी कंपास घेऊन ही गावं वसवली नाहीत. बाजार बरेच निघाले. एकमेकांचं गिऱ्हाईक न तोडता उभे होते ते टिकले, मधले विझले. ड्रेटनहून नॅन्टविचला जाताना निम्म्या वाटेवर ऑडलम लागतं. त्यालाही तेराव्या शतकाच्या अखेरीस बाजाराची सनद मिळाली होती. आज ऑडलम हे खेडं आहे.

बाजारात राजाचा हात किती आतवर पोहोचलेला होता, ते पावाच्या भावावरून कळतं. तेराव्या शतकातल्या कायद्याने पावाची किंमत कायम ठेवली होती. गहू महाग झाला म्हणून भटाऱ्याला पेनीच्या पावाचे सव्वा पेनी घेता येत नसत. त्याने पाव लहान करायचा. गहू उतरला की पाव मोठा. किती उतरला तर किती मोठा, याचं कोष्टकच होतं, आणि त्याहून हलका पाव सापडला तर भटाऱ्याला दंड. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतली दोन बिस्किटं हळूच काढून घेण्याची आजच्या कंपन्यांची युक्ती तेव्हा सरकारी नियम होती, आणि निदान उघड होती.

लोणी, अंडी, चीज, कोंबड्या या मालाचा बाजार मुख्यत्वे शेतकरणींचा. त्यांना ऊनपावसापासून आडोसा म्हणून इंग्लंडातल्या अनेक गावांत बाजाराच्या मधोमध खांबांवर छप्पर उभारलेलं असे. त्याला बटरक्रॉस म्हणतात. ड्रेटनचा आजचा बटरक्रॉस एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या माथ्यावर एक घंटा आहे. ती बाजार सुरू झाल्याची नाही, आगीची.

१६५१ साली एका भटारखान्यात आग लागली आणि बघता बघता सगळ्या गावभर पसरली. घरं लाकडाची आणि एकमेकांना खेटून असलेली. जवळजवळ ७० टक्के गाव जळून गेलं. पंधरा वर्षांनी लंडनची प्रसिद्ध आगही भटारखान्यातच लागली, पण त्यानंतर लंडनसाठी कायदा झाला आणि नवी घरं विटांची बांधणं सक्तीचं ठरलं. ड्रेटनला असं कोणी बजावलं नाही. लोकांनी ठाऊक होतं तेच केलं: ओकच्या तुळया उभ्या केल्या, मधल्या चौकटी भरल्या आणि पुढच्या बुधवारांची तयारी केली. पर्यटक आज ज्या घरांचे फोटो काढतात त्यांतली बरीचशी आगीनंतरचीच आहेत. ती दिसतात आणखी जुनी, कारण बांधणारे कारागीर जुन्या वळणाचे होते. मला यात गावाचा स्वभाव दिसतो. इतकं जळूनही ना रस्ते बदलले, ना बांधण्याची तऱ्हा, ना वार.

लढाया या गावाने बाजूने जाताना पाहिल्या. त्यांतली मोठी २३ सप्टेंबर १४५९ची. यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांच्या यादवीत गावाच्या पूर्वेला दोनतीन मैलांवर ब्लोअर हीथच्या माळावर सॅलिसबरीच्या अर्लने स्वतःपेक्षा दुप्पट मोठ्या फौजेचा पराभव केला आणि तिचा सेनापती लॉर्ड ऑडली मारला गेला. पण शत्रूच्या आणखी तुकड्या जवळपास होत्या. सॅलिसबरीने रातोरात निसटायचं ठरवलं, आणि फौज अजून माळावरच आहे असं भासावं म्हणून ऑगस्टीनियन पंथाचा एक साधू रात्रभर तोफ डागत बसला, अशी जुन्या बखरीतली नोंद आहे. सकाळी लोक येऊन पाहतात तर मैदानात साधू एकटा. त्याने सांगितलं, भीती वाटत होती, धीर यावा म्हणून बार काढत होतो.

मराठी वाचकाला हे गाव ठाऊक नसलं तरी इथला एक पोरगा चांगलाच ठाऊक आहे. ड्रेटनपासून काही मैलांवर मॉर्टन से नावाचं खेडं आहे. तिथल्या स्टाइच या वाड्यात २९ सप्टेंबर १७२५ रोजी रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म झाला. घराणं जुनं, पण खाऊनपिऊन सुखी म्हणावं इतपतच. शाळेसाठी पोराला ड्रेटनला घातलं. ही शाळा सोळाव्या शतकात सर रोलंड हिल यांनी काढलेली. हे शेजारच्या हॉडनेटचे, लंडनला जाऊन व्यापारात गबर झाले आणि १५४९ साली लंडनचे लॉर्ड मेयर झाले.

क्लाइव्हच्या शाळकरी उद्योगांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत, आणि त्या जगभर गेल्या त्या मेकॉलेमुळे. हा आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला तोच मेकॉले. १८४० साली त्याने क्लाइव्हवर मोठा लेख लिहिला आणि ड्रेटनच्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी म्हणून या गोष्टी नोंदवल्या. पहिलीत पोरगा सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढतो आणि शेंड्याजवळ पावसाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या दगडी पन्हाळीवर पाय सोडून बसतो. खाली बाजार श्वास रोखून बघत राहतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. क्लाइव्हने गावातली उनाड पोरं गोळा करून टोळी बांधली आणि दुकानदारांवर कर बसवला: सफरचंदं आणि अर्ध्या पेनीची नाणी. कर देणाऱ्याच्या खिडकीची काच शाबूत राहील, याची हमी क्लाइव्हची.

मराठी माणसाला हा व्यवहार समजावून सांगायला नको. त्याच सुमारास आपले सरदार बंगालपर्यंत चौथाई वसूल करत फिरत होते. हमीचा मजकूर फारसा निराळा नव्हता. आणि ड्रेटनच्या दुकानदारांनाही त्यात अगदीच नवं काही वाटलं नसावं. बाजारात उभं राहायचं तर कुणाला तरी काही तरी द्यावं लागतं, याच पायावर त्यांचं गाव उभं होतं. फरक एवढाच की मठाधिपतीपाशी सनद होती आणि या पोरापाशी नव्हती.

सनद नंतर मिळाली, आणि जबर मिळाली. अठरा वर्षांचा होईतो घरच्यांनी क्लाइव्हला ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून चिकटवून मद्रासच्या जहाजावर चढवलं. १७५१ साली त्याने अर्काट पन्नास दिवस लढवलं, तेव्हा गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांचं मराठी घोडदळ जवळच तळ देऊन वाट बघत होतं. इंग्रज तग धरून आहेत असं दिसल्यावर ते त्यांच्या बाजूने आलं. पुढची गाठ कोकणात पडली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची पायदळ फौज विजयदुर्गावर चालून गेली. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणत. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा, आणि त्यांचं पारिपत्य करायला इंग्रजांशी तह केला होता खुद्द नानासाहेब पेशव्यांनी. बंदरात एकमेकांना बांधून नांगरलेल्या आंग्र्यांच्या जहाजांपैकी एकावर तोफेचा गोळा पडला आणि सगळं आरमार पेटलं. क्लाइव्हने जमिनीवर सैन्य उतरवलं ते किल्ला पेशव्यांच्या फौजेच्या हाती आधी पडू नये म्हणून. लुटीची वाटणी इंग्रज अंमलदारांनी निघण्यापूर्वीच आपसात ठरवून ठेवली होती. तीत मराठ्यांना वाटा नव्हता. कराराप्रमाणे किल्ला पेशव्यांना द्यायचा होता, तो देतानाही इंग्रजांनी बरेच महिने लावले. कान्होजींपासून पिढी दोन पिढ्या उभारलेलं आरमार एका दुपारी राख झालं, आणि ते व्हावं म्हणून खटपट पुण्याने केली होती. प्लासीची लढाई याच्या पुढच्याच वर्षीची.

१२ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबादेत बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीच्या नावे करून दिली. वर्षाला २६ लाख रुपये बादशहाला पोहोचवायचे, बाकी वसुली कंपनीची. तेराव्या शतकातल्या मठाधिपतीला हा कागद लगेच कळला असता: राजा हक्क देतो, हक्कदार वसूल करतो. फक्त इथे राजाला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि बाजाराच्या जागी कोट्यवधी माणसांचा मुलूख होता. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशातून स्टाइचचा वाडा सर विल्यम चेंबर्स या नामांकित वास्तुकाराकडून नव्याने बांधून घेतला गेला. १७७४च्या नोव्हेंबरात क्लाइव्ह लंडनच्या घरी मरण पावला आणि मॉर्टन सेच्या लहानशा चर्चमध्ये त्याला पुरलं. थडग्यावर खूण ठेवली नाही. चर्चमधली पितळी पाटी त्याला हिंदुस्थानात अग्रणी म्हणते. २०२० साली श्रूझबरीच्या चौकातला त्याचा पुतळा हटवावा म्हणून हजारो सह्या जमल्या. काउंटीच्या कौन्सिलने मतदान करून पुतळा राहू दिला.

ड्रेटन स्वतःची ओळख सांगताना क्लाइव्हपेक्षा बिस्किटाची सांगणं पसंत करतं, आणि त्यात शहाणपण आहे. गाव स्वतःला जिंजरब्रेडचं माहेरघर म्हणवतं. नावात ब्रेड असलं तरी पाव नव्हे. सुंठ घातलेली, बोटाएवढी लांबट, कडक बिस्किटं. इथे ती पोर्ट वाइनमध्ये बुडवून खायची रीत आहे. १७९३ साली गावातला एक माल्टवाला ती भाजत असल्याची नोंद सापडते, आणि बिलिंग्टन या नावाने विकला जाणारा प्रकार १८१७ पासूनचा सांगितला जातो. सुंठ आणि क्लाइव्ह यांची सांगड घालायचा मोह कुणालाही व्हावा, पण ती तारखांपुढे टिकत नाही: गावातल्या दुकानांत सुंठ १६४०च्या दशकातच येऊन पोहोचली होती. म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी या आडगावातल्या वाण्याच्या बरणीत समुद्रापलीकडचा मसाला होता. माहेरघराच्या दाव्याबद्दल म्हणाल, तर ग्रँथम आणि ॲशबॉर्न या गावांचीही आपापली जिंजरब्रेडं आहेत आणि त्यांचा अभिमानही तेवढाच कडवा आहे.

कालवा आणि रेल्वे या गावात आले आणि त्यांतला एक उरला. बर्मिंगहॅम-लिव्हरपूल जंक्शन कालवा थॉमस टेलफर्डने आखला. जुने कालवे टेकडीला वळसा घालत जायचे. टेलफर्डने टेकडी कापली आणि त्याच मातीने पुढची दरी भरली. त्यासाठी ड्रेटनच्या दक्षिणेला वुडसीव्ह्ज इथे खडकात मैलाहून लांब घळ खोदली. ती इतकी खोल आणि ओलसर आहे की भर उन्हाळ्यातही नेच्यांनी भरलेली असते, आणि तिचे कडे अधूनमधून आजही ढासळतात. टेलफर्ड १८३४ मध्ये गेला, कालवा १८३५ मध्ये खुला झाला. रेल्वे १८६३ ला आली आणि शंभर वर्षांनी, १९६३ च्या सप्टेंबरात, शेवटची प्रवासी गाडी गेली. ज्या कालव्याला रेल्वेने मोडीत काढायचं होतं, त्याच्यावर आता सुट्टीतल्या लोकांच्या रंगीत होड्या चालतात, आणि रेल्वेमार्गाचा नकाशात शोध घ्यावा लागतो.

या कालव्यावरून माल काय गेला, ते पाहिलं की गावाचं खरं भांडवल दिसतं. दक्षिणेला काही मैलांवर नाइटन इथे कालव्याच्या काठाला कॅडबरीने १९११ मध्ये कारखाना काढला. आसपासच्या गोठ्यांतलं दूध काठाकाठाने गोळा करायचं, तिथे त्यात साखर आणि कोको घालून आटवून त्याचा कोरडा चुरा करायचा आणि तो होडीने बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलला चॉकलेट करायला पाठवायचा. ही वाहतूक १९६१ पर्यंत चालली. श्रॉपशायरच्या उत्तरेची आणि चेशायरची जमीन चिकणमातीची. नांगराला जड, गवताला उत्तम. म्हणून इथे गहू कमी आणि गाई जास्त, म्हणून चीज, म्हणून लोणी, म्हणून बटरक्रॉस. आणि १९९०च्या दशकात म्युलर या जर्मन कंपनीने इंग्लंडात दही बनवायचं ठरवलं तेव्हा कारखाना काढला तो मार्केट ड्रेटनलाच. गावातली नोकरी म्हटली की आज या कारखान्याचं नाव आधी येतं.

पेठेची स्थिती फार बरी नाही. मोठ्या सुपरमार्केटांनी पालांचं गिऱ्हाईक नेलं, बाकीचं फोनवरच्या खरेदीने नेलं, आणि ही रड इंग्लंडातल्या सगळ्याच लहान गावांची आहे. बुधवारचं ड्रेटन अजूनही धंदेवाईक दिसतं ते जनावरांच्या बाजारात, गावाच्या कडेला ॲडर्ली रोडवर. पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी बाकांमध्ये गोल रिंगण. चिखलाने भरलेले गमबूट, हातात मालाची यादी. एका दारातून वासरू आत येतं, पाठीवर नंबराची चिकटपट्टी. लिलाव पुकारणारा दम न घेता आकडे चढवत जातो; घेणारे बोलत नाहीत, कुणी भुवई उडवतो, कुणी यादीचा कोपरा हलवतो, आणि परक्या माणसाने नाक खाजवायचंही टाळलेलं बरं.

इथेही कागद आहेच. गाईंच्या ‘मॅड काऊ’ रोगाचा हाहाकार झाल्यावर १९९६ पासून ब्रिटनमधल्या प्रत्येक वासराला जन्मल्यावर पासपोर्ट काढावा लागतो; आता दोन्ही कानांत त्याच क्रमांकाचे बिल्लेही टोचावे लागतात. आई कोण, जन्म कोणत्या शेतावर, तिथून कुठे गेलं, सगळ्याची नोंद. २००१ मध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा देशभरातले जनावरांचे बाजार सरकारने महिनोन्महिने बंद ठेवले. बुधवार आला तरी रिंगण मोकळं. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. बिल्ला आणि पासपोर्ट जुळत नसतील तर वासराला रिंगणात येऊ देत नाहीत. जुळले तर अर्ध्या मिनिटात सौदा होतो, हातोडा पडतो, वासरू दुसऱ्या दाराने ट्रेलरकडे जातं, त्याचा पासपोर्ट नव्या मालकाच्या ताब्यात जातो, आणि पुकारणाऱ्याने तोवर पुढच्या नंबराचा पहिला आकडा उच्चारलेला असतो.